दिनचर्या कोणाच्या निद्रेवर?

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड आरतीस जी मंडळी नेमाने येतात, त्यांपैकी पुष्कळजण पुढेही पहाटे उठण्याचा संकल्प सोडतात, आणि मार्गशीर्षाची थंडी पडली की तो संकल्प गोधडीत गुंडाळून ठेवतात. या मंडळींच्या सोयीसाठी आयुर्वेदास अनुसरून प्रातःकालची एक सोपी दिनचर्या लिहून द्यावी, असे आम्हांस आपल्या मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी सुचविले. आमचे शिक्षण मॅट्रिकपलीकडचे नाही, आणि आम्ही वैद्यही नव्हे. घरात तीर्थरूपांच्या संग्रही डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ आहे, त्याची पाने विटली आहेत; तो वाचता वाचता जे समजले तेवढेच आमचे भांडवल. उठावे केव्हा, दात कशाने घासावेत, तेल कोणते लावावे, असे दहाबारा नियम लिहून मोकळे होणे अवघड नव्हते. परंतु गतवर्षी आमच्याच घरी जे घडले, त्यामुळे नियमांच्या आधी एक प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून नियम सांगण्यास आमची लेखणी धजत नाही.

घडले ते असे. गतवर्षीच्या कार्तिकानंतर आम्ही चाळीस दिवसांचा नेम केला. पहाटे चार वाजता उठणे, करंजाच्या दातुनाने दंतधावन, सर्वांगास कोमट तिळतेलाचा अभ्यंग, थोडा व्यायाम, उष्णोदकाने स्नान, त्यानंतर संध्या आणि सुंठीचा काढा. आपल्या मंदिरात झाडलोटीस येणाऱ्या चार तरुणांसही आम्ही ते मोठ्या उत्साहाने सांगितले व त्यांनीही धरले. पंधरा-वीस दिवसांत अंग हलके वाटू लागले, भूक वेळेवर लागू लागली. आम्ही हे ज्याला त्याला सांगत सुटलो. आपला नेम लोकांस सांगण्यात जी एक गोडी असते ती नेमाहूनही लवकर अंगी भिनते, हे आता कबूल केलेले बरे.

मार्गशीर्षातील एका पहाटे आम्ही तेल लावून अंगणात आलो, तो चुलीवरच्या गंजातील पाणी निम्मे आटून गेलेले, जाळ विझत आलेला, आणि मातोश्री चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपी गेलेल्या. त्यांच्या लुगड्याचा पदर निखाऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. आम्ही त्यांस हाक मारली. त्या दचकून उठल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे, ‘‘थांब रे, आत्ता तापतं पाणी.’’

त्या क्षणापर्यंत आमच्या मनात हे कधी आलेच नव्हते की, आम्हांस चार वाजता ऊन पाणी, कोमट तेल आणि पुढे काढा मिळावयाचा, तर कोणीतरी तीन वाजता उठले पाहिजे. तीर्थरूप बाराही महिने विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. त्यांच्यासाठी पाणी तापवावे लागत नाही. मातोश्रींस पूर्वीही सडा, रांगोळी, पूजेची भांडी व नैवेद्य यांसाठी पाचच्या आत उठावे लागत असे. आमच्या आरोग्याने त्यांचे आणखी दोन तास घेतले. रात्री भांडी आवरून अंथरुणाला पाठ लागेपर्यंत त्यांस साडेदहा होतात. आम्ही मात्र आयुर्वेदाप्रमाणे साडेनऊलाच निजत होतो! पुढे त्या चार तरुणांच्या घरी सहज चौकशी केली. एकाकडे आई, एकाकडे नुकतीच लग्न होऊन आलेली पत्नी, एकाकडे बारा वर्षांची बहीण. चौथा तेवढा थंड पाण्याने स्नान करीत होता, आणि त्याचे कारण त्यास घरी कोणीच नव्हते.

येथे प्रश्न उपस्थित होतो. जी दिनचर्या एका मनुष्याचे आरोग्य दुसऱ्याच्या निद्रेतून काढून देते, तिला आरोग्याचा मार्ग म्हणावे काय? आणि म्हणावयाचे नसेल, तर दोष शास्त्राचा की आमच्या वाचनाचा?

दोष शास्त्राचा आहे असे क्षणभर वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. वाग्भटाचार्यांनी सुमारे सातव्या शतकात ‘अष्टांगहृदय’ रचले. त्याच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. तो वाचताना डोळ्यांसमोर जो पुरुष उभा राहतो तो खाऊनपिऊन सुखी आहे. त्याच्या अंगी तेल जिरते, उटणे लागते. तो विडा खातो, सुगंधी माळा व रत्ने धारण करतो, छत्र घेऊन व पादत्राणे घालून चालतो, आणि रात्री बाहेर पडावे लागलेच तर हातात काठी, मस्तकी पागोटे व बरोबर सोबती घेऊन निघतो. पाणी कोणी तापविले, उटणे कोणी वाटले, याचा उल्लेख नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्यास आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. राजाच्या मंत्र्यास पाणी तापविणाऱ्याची आठवण न होणे स्वाभाविकच म्हणावयाचे. (ही टीका अरुणदत्ताच्या टीकेसह मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने छापली, १९३९ ची आवृत्ती अकोल्याचे वैद्य हरिशास्त्री पराडकर यांनी शोधून सिद्ध केली. आपल्या वऱ्हाडच्या मनुष्याने केलेले हे काम आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.)

परंतु त्या पहाटेनंतर तोच अध्याय पुन्हा वाचावयास घेतला, तेव्हा आमचे वाचन अर्धवट होते असे ध्यानात आले. आम्ही स्नानापर्यंत वाचून पुस्तक मिटवीत होतो. अध्याय तेथे संपत नाही. स्नानानंतर थोड्याच ओळींत आचार्य सांगतात की, प्राणिमात्रांची सारी धडपड सुखासाठी आहे, पण धर्मावाचून सुख नाही. तेथून पुढे मग हिंसा, चोरी, चहाडी, कठोर भाषण, असत्य इत्यादी कायेने, वाणीने व मनाने घडणारी दहा पापे टाळण्यास सांगितले आहे. ज्यांस उपजीविका नाही, जे रोगाने व शोकाने पीडलेले आहेत त्यांस यथाशक्ति साह्य करावे असे आहे. किडामुंगीसही नित्य आपल्यासारखेच पाहावे असे आहे. दातुनापासून निघालेला अध्याय मुंगीपर्यंत येतो! आणि अखेरीस आचार्य मनुष्यास स्वतःलाच एक गोष्ट विचारावयास लावतात ती ही की, माझे दिवस आणि माझ्या रात्री कशा प्रकारे चालल्या आहेत. हे ज्याच्या नित्य स्मरणात राहते त्यास दुःख होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या रात्री उत्तम चालल्या होत्या. मातोश्रींच्या रात्री कशा चालल्या होत्या हे आम्ही विचारले नव्हते. मुंगीस आपल्यासारखे पाहावयाचे, तर ज्या माउलीने चुलीत लाकडे सारली तिला आपल्यासारखे पाहावयाचे नाही, असा अर्थ कोणत्याही टीकाकारास काढता येणार नाही.

या गोष्टीवर आमच्या घरात वाद झाला, तोही प्रांजळपणे सांगतो. तीर्थरूप म्हणाले, ‘‘तिची ती सेवा आहे. कोणी तिच्यावर जुलूम केलेला नाही. तिच्या पुण्यात हात घालणारा तू कोण?’’ यात तथ्य नाही असे नव्हे. सेवा ही आपल्या धर्मात मोठी वस्तू आहे, आणि मातेने पुत्रासाठी केलेली सेवा तर हिशेबात बसतच नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतःच चूल पेटविली, तेव्हा मातोश्रींनाही आनंद झाला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘आता माझ्या हातचं पाणीही तुला नको का रे?’’ आम्ही निरुत्तर झालो. कष्ट कमी करावयास गेलो, तो त्यांच्या मायेलाच नकार दिल्यासारखे झाले.

तरीही आमचे मत तीर्थरूपांच्या मताहून भिन्नच राहिले. सेवा करणाऱ्याने सेवेस पुण्य मानावे, हे योग्य. सेवा घेणाऱ्याने तिला दुसऱ्याचे पुण्य म्हणून स्वीकारीत राहावे, हे योग्य नव्हे. देणाऱ्याच्या मुखी जो शब्द शोभतो तो घेणाऱ्याच्या मुखी शोभत नाही. आजारी पुत्रासाठी माता रात्रभर जागते, ते निराळे. तेथे गरज आहे. पण धडधाकट पुत्राने शरीर अधिक धडधाकट व्हावे म्हणून तिला जागवावे, यात गरज कोणती? तीर्थरूपांनी यावर काही उत्तर दिले नाही, आणि आम्हीही पुढे ताणले नाही. वडिलांशी वादात जिंकण्याची आम्हांस हौस नाही.

आता ज्या चार वाजण्याचा आम्हांस एवढा अभिमान होता त्याविषयी. ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे शास्त्र म्हणते, चार वाजता उठावे असे म्हणत नाही. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटे, ब्राह्ममुहूर्त लागतो आणि सूर्योदयापूर्वी ४८ मिनिटे तो संपतो, अशी सामान्य गणना आहे. आपल्या किरनापुरास ज्येष्ठात सूर्य साडेपाचच्या आत उगवतो, तेव्हा चारच्या आधी उठणे या गणनेत बसेल. पण पौषात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. तेव्हा ब्राह्ममुहूर्त पाच वाजून गेल्यावर लागतो! म्हणजे ज्या ऋतूत शास्त्र अधिक झोपू देते, त्याच ऋतूत आम्ही घड्याळाच्या एका आकड्यासाठी मातोश्रींस तीन वाजता उठवीत होतो. पंचांग आमच्या घरी रोज उघडले जाते, तरी हे गणित करावयास आम्हांस चाळीस दिवस लागले.

शिवाय हा नियम सांगितला आहे तो स्वस्थ मनुष्यास, आयुष्याच्या रक्षणासाठी. ‘अष्टांगसंग्रहात’ तर रात्रीचे अन्न पचले की नाही याचा विचार करीत उठावे असे सांगितले आहे. निद्रेविषयी त्याहून महत्त्वाची गोष्ट ‘अष्टांगहृदयाच्या’ सातव्या अध्यायात आहे: ज्यास सवय नसता जागरण घडले त्याने, जितका काळ जागला त्याच्या निम्मा काळ, सकाळी काही न खाता झोपावे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत रात्रपाळी करून आलेला मनुष्य, बाळंतिणीजवळ जागलेली सासू, रानडुकरांपासून धान राखण्यास मचाणावर बसलेला शेतकरी, यांना सकाळी झोपलेले पाहून आपण आळशी म्हणतो, तेव्हा आयुर्वेद त्यांच्या बाजूने बोलत असतो.

आणखी एक विचार मनात येतो. आषाढात रोवणी लागली की आपल्या तालुक्यातील स्त्रिया पहाटे उठून घरचा स्वयंपाक उरकतात व उजाडता उजाडता बांधीत उतरतात. दिवसभर कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात. त्या ब्राह्ममुहूर्तावर उठतात म्हणून त्यांस कोणी दिनचर्या पाळणाऱ्या म्हटलेले आम्ही ऐकले नाही. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, थंडीत व वसंतात. इतर काळी त्याहूनही कमी, हे आचार्यांचे वचन. अति झाल्यास तहान, क्षय, श्वास, ज्वर असे परिणाम त्यांनी मोजून दाखविले आहेत. या हिशेबाने त्या भगिनींचा वर्षाचा व्यायाम एका महिन्यातच होऊन चुकतो. त्यांस सूर्यनमस्काराचा उपदेश करण्यापूर्वी उपदेशकाने एक दिवस रोवणीस जावे.

या सर्व विचारानंतर जी सोपी दिनचर्या उरते ती फार थोडी आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातावाचून होण्याजोगी आहे.

दातून हे तिचे पहिले अंग. करंज शास्त्रात नावानिशी सांगितला आहे आणि आपल्याकडे नाल्याकाठी हवा तितका आहे. खैर आहे, अर्जुन म्हणजे आपला कवा आहे. बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाइतके जाड, सरळ. शेंडा चावून त्याचा कुंचला करावयाचा आणि हिरड्यांस इजा होऊ द्यावयाची नाही. ताप, खोकला, अजीर्ण किंवा तोंड आले असता दातून वर्ज्य आहे, तेव्हा नुसत्या चुळा भराव्या. ज्यांस ब्रश सोयीचा त्यांनी ब्रश वापरावा. वाद घालण्यासारखे त्यात काही नाही. परंतु गुडाखूविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या भागात, आणि छत्तीसगडकडे तर फारच, कित्येक घरांत सकाळचे दात गुडाखूने घासले जातात, स्त्रियाही घासतात, आणि पोटही त्यावाचून साफ होत नाही असे सांगतात. गुडाखू म्हणजे गुळात मळलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ सालीच मनाई केली आहे. तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो, हे आता लहान मुलांसही ठाऊक आहे. हिरड्या बधिर करणाऱ्या वस्तूस दंतधावन म्हणणे म्हणजे डोळे मिटण्यास दर्शन म्हणणे होय. ज्याच्या घरी हे चालते त्याने अभ्यंग, काढा वगैरे सर्व बाजूस ठेवून आधी एवढे एकच सोडविण्याचा यत्न करावा, आणि तोही रागावून नव्हे. कठोर भाषण त्या दहा पापांत आहे.

पहाटे तांब्याभर पाणी पिणे, ज्यास उषःपान म्हणतात, ते वाग्भटांच्या या अध्यायात नाही. ते पुढील काळच्या ‘भावप्रकाशात’ येते. मानवत असेल त्याने घ्यावे. अंजन शास्त्रात आहे, तरी बाजारातील सुरम्यात शिसे असू शकते, म्हणून आम्ही ते सांगत नाही. शास्त्रातील प्रत्येक गोष्ट आज बाजारात त्याच शुद्ध रूपाने मिळते असे मानणे भोळेपणाचे आहे. नित्य एका वेळी उठणे व निजणे याचे महत्त्व मात्र आजचे विज्ञानही सांगते. शरीराच्या पेशींत दिवसरात्रीचे घड्याळ कसे चालते याच्या शोधास २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री हातातला मोबाईल खाली न ठेवणाऱ्यांनी या घड्याळाचा थोडा विचार करावा. येथे आमचाही अपराध आहेच.

राहिला अभ्यंग. त्याचे फळ सांगताना आचार्यांनी वार्धक्य, श्रम व वात यांचा नाश असे म्हटले आहे, आणि मस्तक, कान व पाय यांस तेल विशेषेकरून लावावे असे सांगितले आहे. कफाची पीडा किंवा अजीर्ण असेल तर लावू नये. हे वाचताना आमची दृष्टी ‘श्रम’ या शब्दावर अडली. अभ्यंग श्रम घालविण्यासाठी आहे, तर घरातील तेलावर पहिला अधिकार कोणाचा? आम्ही चाळीस दिवस जे तेल अंगास चोळले, त्यापूर्वी आम्ही कोणते श्रम केले होते? घंटा वाजविली होती, प्रसाद वाटला होता.

आता आम्ही रात्रीच पाण्याचा गंज भरून, लाकडे फोडून चुलीजवळ ठेवतो. पौषात पाचनंतर उठतो. थंडी फार असेल तर पाणी स्वतः तापवितो, नाही तर तीर्थरूपांबरोबर विहिरीवर जातो. मातोश्रींसाठी एक बादली ऊन पाणी चुलीवर राहते. पहिले आठ दिवस त्यांनी त्यास हात लावला नाही. नवव्या दिवशी त्यांनी त्यात आणखी थोडे थंड पाणी घालून घेतले, आणि तुला पाण्याचा अंदाज कळत नाही, असे आम्हांस सांगितले. त्या चार तरुणांपैकी दोघांनी नेम सोडला, एकजण बहिणीऐवजी स्वतः चूल पेटवितो, व चौथ्याचे पूर्ववत् थंड पाण्यावर चालले आहे.

परवा रात्री आम्ही मातोश्रींच्या पायांस तेल लावावयास बसलो. त्यांनी दोन वेळा पाय मागे घेतले. तेलाची वाटी पाहून म्हणाल्या, ‘‘अरे, ते देवाच्या समईचं तेल आहे. उद्याला पुरायचं नाही.’’

तीर्थरूप पलीकडे पंचांग पाहत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘‘लाव तू. उद्या समईत एकच वात लावू.’’